टॅब्लेटची कार्यप्रणाली संगणकाच्या साहाय्याने अद्ययावत करणे

उद्देश : शाळेतील टॅब्लेटची कार्यप्रणाली शिक्षकास स्वतः, सुरक्षितपणे व मुलांचे काम न गमावता अद्ययावत करता यावी.

साहित्य : टॅब्लेट, संगणक, माहिती वाहून नेणारी केबल, नोंदवही.

प्रास्ताविक : पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडावरून पाठ उघडणारे 'दीक्षा' अ‍ॅप २०१७ पासून शिक्षकांच्या परिचयाचे आहे. अशी अ‍ॅप्स काळानुसार बदलतात व कार्यप्रणाली फार जुनी झाली की त्यांच्या नव्या आवृत्त्या टॅब्लेटवर चालेनाशा होतात. मग यंत्र बिघडले असे समजून ते कपाटात ठेवले जाते, आणि ज्या मुलाच्या घरी दुसरे साधन नाही त्याचा पाठ तेथेच थांबतो. वास्तविक यंत्र धड असते. त्याला चालविणारी प्रणाली तेवढी जुनी झालेली असते.

बोरी अरब ज्या दारव्हा तालुक्यात आहे, तेथील वडीलधाऱ्यांना यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरील 'शकुंतला' गाडी चांगली आठवते. १९२१ साली मँचेस्टर येथे बांधलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ मध्ये काढून डिझेल इंजिन जोडण्यात आले. रूळ तेच, स्थानके तीच. ओढणारी शक्ती मात्र बदलली. कार्यप्रणाली अद्ययावत करणे हे असेच काम होय.

संगणक कशासाठी? : पहिले कारण, आंतरजालाची गती मंद असेल तेथे प्रत्येक टॅब्लेटवर मोठी फाईल उतरविणे कठीण जाते. संगणकावर ती एकदाच उतरवून एकाच मॉडेलच्या सर्व टॅब्लेटना देता येते. दुसरे कारण, टॅब्लेटमध्ये जागा अपुरी असली तरी संगणकाच्या साहाय्याने काम होऊ शकते. आयपॅडच्या बाबतीत हा उपाय विशेष उपयोगी पडतो.

पूर्वतयारी :

१. 'सेटिंग्ज'मधील माहितीवरून मॉडेल क्रमांक व आवृत्ती नोंदवहीत लिहावी.

२. मुलांची छायाचित्रे, वाचनाचे ध्वनिमुद्रण व इतर काम संगणकावर उतरवून घ्यावे. ही पायरी कधीही वगळू नये.

३. टॅब्लेट व लॅपटॉप दोन्ही पूर्ण चार्ज करावेत. वीज केव्हाही जाऊ शकते, हे गृहीत धरूनच काम करावे.

४. केबल तपासावी. काही केबलींत केवळ विजेच्या तारा असतात. त्यांनी चार्जिंग होते, पण संगणकाला टॅब्लेट दिसत नाही.

कृती (अँड्रॉइड) : उत्पादकाचा स्वतःचा संगणक-प्रोग्राम असल्यास तोच वापरावा, मात्र त्यातील दुरुस्तीचा पर्याय सर्व माहिती पुसणारा नाही ना, हे आधी वाचावे. उत्पादकाने अद्ययावतीकरणाची फाईल प्रसिद्ध केली असल्यास 'साइडलोड' पद्धत वापरता येते. आपल्याच मॉडेलची फाईल उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घ्यावी. टॅब्लेट 'रिकव्हरी' स्थितीत सुरू करून 'अप्लाय अपडेट फ्रॉम एडीबी' हा पर्याय निवडावा, केबल जोडावी व संगणकावरील 'एडीबी' साधनास 'साइडलोड' आज्ञा देऊन तिच्यापुढे फाईलचे नाव लिहावे. काम पुरे होईपर्यंत केबलीस हात लावू नये.

फाईलवर उत्पादकाची अंकीय स्वाक्षरी असते व टॅब्लेट ती तपासतो. ती न जुळल्यास फाईल नाकारली जाते. हा अडथळा नसून संरक्षण आहे. म्हणून ते टाळण्याच्या युक्त्या करू नयेत.

कृती (आयपॅड) : विंडोज संगणकावर 'आयट्यून्स' किंवा 'अ‍ॅपल डिव्हाइसेस' वापरावे, मॅकवर २०१९ च्या 'कॅटालिना' आवृत्तीपासून हे काम 'फाइंडर'मध्ये होते. रिकव्हरी स्थितीत 'अपडेट' व 'रिस्टोअर' असे दोन पर्याय दिसतात. पहिल्याने माहिती राखण्याचा प्रयत्न होतो. दुसऱ्याने सर्व माहिती पुसली जाते. प्रथम 'अपडेट'च निवडावे.

काम मध्येच थांबल्यास : अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, काही यंत्रांत प्रणालीसाठी दोन कप्पे असतात. नवी प्रणाली रिकाम्या कप्प्यात लिहिली जाते. ती अपुरी राहिल्यास यंत्र जुन्या कप्प्यावरून सुरू होते. जुन्या यंत्रांत एकच कप्पा असल्याने काम अर्धवट राहिले तर टॅब्लेट सुरूच न होण्याचा धोका असतो. पूर्वतयारीवर भर दिला आहे तो यासाठीच.

मर्यादा : प्रत्येक मॉडेलला उत्पादक ठरावीक काळच नव्या आवृत्त्या देतो. तो संपल्यावर अनोळखी ठिकाणची प्रणाली घालू नये. पूर्वी उतरवून ठेवलेले पाठ, चित्रे व ध्वनिमुद्रणे अशा टॅब्लेटवरही चालू शकतात. तो वाचनकोपऱ्यात ठेवावा, कपाटात नव्हे.

स्वाध्याय : (१) शाळेतील प्रत्येक टॅब्लेटचे मॉडेल, आवृत्ती व तपासणीची तारीख यांचा तक्ता करावा. (२) एकाच टॅब्लेटवर कृती करून तो दोन दिवस वर्गात वापरावा व नंतरच इतरांस हात घालावा. (३) वरच्या वर्गातील मुलांकडून केबलींची परीक्षा करवून घ्यावी. कोणती केबल माहिती वाहते व कोणती केवळ वीज, हे त्यांनाच शोधू द्यावे.