कुत्रा परदेशी न्यायचा तर

परवा अमरावतीचे एक जुने रुग्ण आले. मुलगा जर्मनीत, महिनाभरात कुत्र्यासह त्याच्याकडे जायचे. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, विमानात शांत राहावा म्हणून याला झोपेची गोळी लिहून द्या." मी माणसांचा डॉक्टर, तरी गोळी नको एवढे बजावले. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो आणि विमानाच्या सामानकक्षात पाहायला कोणी नसते.

खरी अडचण पुढेच होती. रेबीजची लस आधी टोचली, मायक्रोचिप नंतर बसवली. युरोपीय संघाच्या नियमांत चिपआधीची लस धरत नाहीत. म्हणजे पुन्हा लस, किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी, त्यात प्रतिपिंडे मिलिलिटरला निदान ०.५ आंतरराष्ट्रीय एकके हवीत आणि रक्त घेतल्यापासून ३ महिने थांबायचे. चार महिने गेलेच! त्यांना अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत चौकशी करायला सांगितले.

उठताना त्यांचा हात दिसला. चिप बसवताना कुत्र्याने दात लावलेला, वर हळद! जखम नळाखाली साबणाने १५ मिनिटे धुवायला लावली आणि लसीची पहिली सुई तिथेच दिली. पुढची तिसऱ्या दिवशी.