पस्तिसावा गुण

मुलांनो, ठाण्याच्या खाडीच्या पूर्व तीरावर ऐरोली नावाचे नगर आहे. भातशेती आणि मासेमारी हाच एके काळी तेथील आगरी-कोळी लोकांचा उद्योग होता. हिवाळ्यात आजही तेथील खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. परंतु त्याच तीरावर आता काचेच्या उत्तुंग इमारती उभ्या आहेत. त्यांत हजारो तरुण संगणकासाठी आज्ञावली लिहीत असतात.

अशाच एका इमारतीच्या उपाहारगृहात माझा एक विद्यार्थी काम करीत असे. बारावीनंतर वडील अंथरुणाला खिळले आणि याचे शिक्षण सुटले. रोज चहाचे पेले मांडताना तेथील तरुणांचे काम पाहून, 'हे मलाही येईल का?' असा विचार त्याच्या मनात घोळू लागला. अखेर त्याने मुक्त विद्यापीठाच्या संगणकाच्या अभ्यासक्रमात नाव घातले. दिवसा नोकरी, रात्री अभ्यास आणि रविवारी अभ्यासकेंद्र, असा त्याचा क्रम सुरू झाला.

ज्यांना दिवसभर महाविद्यालयात बसणे शक्य नाही, त्यांच्याही दारी विद्या पोहोचावी, हा विचार नवा नाही. अमेरिकेत जोलिएट येथे 1901 साली असे एक लोकाभिमुख महाविद्यालय निघाले. त्या धर्तीच्या संस्थांना आज सामुदायिक महाविद्यालये म्हणतात. आपल्या राज्यात 1989 साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, त्यामागेही हीच तळमळ होती.

एका रविवारी सायंकाळी तो माझ्याकडे आला. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"सर, मी शाळेच्या निकालाची आज्ञावली लिहिली आहे. गुण सांगा; उत्तीर्ण की अनुत्तीर्ण, ते संगणक क्षणात सांगेल."

"साठ," मी म्हणालो. पडद्यावर 'उत्तीर्ण' अशी अक्षरे उमटली. "वीस," म्हणताच 'अनुत्तीर्ण' आले. छत्तीस आणि चौतीस या गुणांचेही उत्तर अचूक मिळाले. तो अभिमानाने माझ्याकडे पाहू लागला.

"आता पस्तीस," मी म्हणालो.

पडद्यावर शब्द उमटला : 'अनुत्तीर्ण'.

तो एकदम गंभीर झाला. काही वेळ कोणीच बोलले नाही. मग तो हळूच म्हणाला, "सर, दहावीला गणितात मला बरोबर पस्तीस गुण होते. या आज्ञावलीने मलाच नापास केले असते!"

"संगणक चुकला का रे?" मी विचारले.

"नाही, सर. 'गुण पस्तिसांहून अधिक असतील तर उत्तीर्ण', अशी आज्ञा मीच दिली होती. 'पस्तीस किंवा त्यांहून अधिक' असे लिहायला हवे होते. एका चिन्हाची चूक झाली."

मुलांनो, संगणकाचा स्वभाव येथे नीट ध्यानात घ्या. आई मुलाला म्हणते, "दुकानातून मीठ आण." दुकान बंद असेल, तर मूल दुसऱ्या दुकानात जाते; कारण आईचे मन ते जाणते. संगणक मन जाणत नाही. त्याला सांगितलेले तेवढेच तो करतो, आणि ते विलक्षण वेगाने करतो. म्हणून आज्ञा चुकीची असेल, तर चूकही त्याच वेगाने पसरते. आज लक्षावधी मुलांचे निकाल संगणकावर तयार होतात. तेथे अशी एक चूक राहिली, तर किती घरांत त्या दिवशी चूल पेटणार नाही, याचा विचार करा!

आपल्या देशात या विद्येचा पाया घालणाऱ्यांनीही असेच कष्ट उपसले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली भारतीय शास्त्रज्ञांनी बनविलेला एक मोठा संगणक काम करू लागला. त्यात अडीच हजारांहून अधिक निर्वात नळ्या होत्या. पुढे 1962 साली पंडित नेहरूंनी त्याचे नाव 'टिफ्रॅक' असे ठेवले. आज खिशात मावणारा दूरध्वनी त्याच्याहून कितीतरी अधिक गणिते करतो. परंतु त्यालाही आज्ञा द्यावी लागते ती मनुष्यानेच.

माझ्या विद्यार्थ्याने ते चिन्ह तेथल्या तेथे सुधारले. पुन्हा पस्तीस हा आकडा घातला. 'उत्तीर्ण' हा शब्द उमटला, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी तरळले. निघताना तो म्हणाला, "सर, यापुढे मी आधी काठावरचा आकडा तपासून पाहीन."

काठावर उभ्या असलेल्या माणसाचा विचार ज्याच्या मनात आधी येतो, त्याचीच विद्या लोकांच्या कामी येते.

शब्दार्थ
आज्ञावली – संगणकाला क्रमाने दिलेल्या आज्ञा
लोकाभिमुख – लोकांच्या गरजांकडे लक्ष देणारे
निर्वात – ज्यातील हवा काढून टाकली आहे असे

स्वाध्याय
1. विद्यार्थ्याच्या आज्ञावलीत कोणती चूक होती? ती साठ आणि वीस या गुणांच्या वेळी का उघडकीस आली नाही?
2. मीठ आणणारे मूल आणि संगणक यांत लेखकाने कोणता भेद दाखविला आहे?
3. 'अंथरुणाला खिळणे' आणि 'कष्ट उपसणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
4. चहा करण्याच्या कृतीच्या आज्ञा क्रमाने लिहा. तुमच्या मित्राने त्या शब्दशः पाळल्या, तर चहा होईल का, ते पाहा.