फेसाला जागा ठेवा

शिकागोत आमच्या दोन खोल्यांच्या घरी मी पहिल्यांदा बिअर केली ती गव्हाची. त्यासाठी एक गॅलनची, म्हणजे 3.8 लिटरची काचेची बरणी आणली होती. उकळून गार केलेला माल्टचा गोड काढा तिच्यात अगदी गळ्यापर्यंत भरला. चार तास राबून केलेलं थोडंसंही ओतून द्यायचं जिवावर आलं होतं. वर रबरी बूच, बुचात एअरलॉक, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न येऊ देणारी छोटी नळी. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास मोठा आवाज झाला. फेस हॉप्सच्या चोथ्यासकट एअरलॉकमध्ये चढला होता, वायूला वाट उरली नव्हती आणि बूच उडून छतावर आदळलं होतं. भिंतीवर, ओट्यावर, जमिनीवर सगळीकडे चिकट फेस. बूच अजून घट्ट बसलं असतं तर काच फुटली असती, आणि पलीकडच्याच खोलीत आमची मुलगी झोपली होती. आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

माझी आई आंबोळीचं पीठ आंबवायला ठेवताना पातेलं अर्धं रिकामं ठेवते. जन्मभर पाहिलेली ही गोष्ट मला त्या बरणीपुढे सुचली नाही. यीस्ट साखर खातं तेव्हा अल्कोहोलबरोबर कार्बन डायऑक्साइड तयार होतो, माल्टमधली प्रथिनं त्याचे बुडबुडे धरून ठेवतात आणि फेस वर चढतो. गव्हात प्रथिनं जास्त, शिवाय त्या बिअरचं यीस्टही उसळणारं. साध्या बिअरला भांड्याचा पाव भाग रिकामा पुरतो. गव्हाच्या बिअरला एक तृतीयांश ठेवा.

घाबरून मग मी थेट 25 लिटरची बादली आणली आणि तिच्यात चारच लिटर घातले. ही दुसरी चूक. बादलीचं झाकण नीट हवाबंद नव्हतं, आणि मी दर दोन दिवसांनी ते उघडून बघत होतो. आंबणं जोरात चालू असतं तोवर वायू बाहेर पडत राहतो, हवेला आत फारसा शिरकाव नसतो. ते थांबलं की आत आलेला ऑक्सिजन तिथेच मुरतो. बिअर तशीच पाच आठवडे राहिली. बाटल्या उघडल्या तेव्हा रंग काळवंडलेला आणि चव ओल्या पुठ्ठ्याची. सगळी सिंकमध्ये ओतली.

तेव्हापासून मी हिशोब बाटल्यांपासून मागे करतो. 355 मिलिलिटरच्या दहा बाटल्या हव्यात, म्हणजे साडेतीन लिटर. तळाच्या गाळात अर्धा लिटर तरी जातो, थोडं नळीत आणि मोजमापात. म्हणून काढा 4.2 लिटर. त्यावर फेसाची जागा धरली की भांडं सहा लिटरच्या आसपास लागतं. एक गॅलनची बरणी एक गॅलन बिअरला पुरत नाही ती यामुळे. कृती वाचताना गॅलन कुठला तेही बघा: ब्रिटिश गॅलन साडेचार लिटरचा असतो, अमेरिकी बरणीत तो मावतच नाही. भांड्यावरच्या आकड्यावरही विसंबू नका. घरी आणल्यावर लिटर-लिटर पाणी ओतून बाहेरून पट्टी चिकटवून खुणा करा.

अमेरिकेत 1978 च्या कायद्याने घरापुरती बिअर करायला केंद्रीय करातून सूट मिळाली, दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलनपर्यंत. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. तिथल्या वाचकांनी हे करून बघू नये.

जिथे मुभा आहे तिथे पहिलंच भांडं घेत असाल तर दोन गॅलनची, साडेसात लिटरची घट्ट झाकणाची बादली घ्या. तिच्यात साडेचार लिटरच्या वर भरू नका. पहिले तीन दिवस एअरलॉकऐवजी जाड नळी लावा, तिचं दुसरं टोक निर्जंतुक पाण्याच्या भांड्यात बुडवा, आणि बाटल्या भरायच्या दिवसापर्यंत झाकण उगाच उघडू नका.