सगळ्यांना एक लस का नाही?

पुतणी : काका, दोन थेंब देऊन पोलिओ गेला. मग मेनिंजायटिसही एखाद्या लशीनं जाईल ना?

काका : पोलिओचा विषाणू तीनच प्रकारचा, म्हणून ते जमलं. त्याची भावंडं, म्हणजे कॉक्सॅकी, एको वगैरे एन्टेरोव्हायरस, शंभरावर प्रकारची आहेत. मेनिंजायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणांना येणारी सूज, आणि विषाणूंमुळे येते ती बहुतेक यांचीच करणी. एकाची लस दुसऱ्याला चालत नाही. चीननं एन्टेरोव्हायरस 71 वर लस काढली, ती त्या एका प्रकारापुरतीच. आपल्याकडे चर्चा होते चांदीपुरा विषाणूची. तो 1965 साली नागपूरजवळ सापडला, वालुमाशीतून पसरतो, आणि थेट मेंदूवर घाला घालून एक-दोन दिवसांत पोर नेतो. साहजिकच बातमी त्याची होते. रोजचं ओझं मात्र हातातून तोंडात जाणाऱ्या एन्टेरोव्हायरसचं.

पुतणी : पण एन्टेरोव्हायरसच्या मेनिंजायटिसमधून माणूस आपोआप बरा होतो म्हणतात. मग एवढी धास्ती कशाला?

काका : बहुतेक जण आठ-दहा दिवसांत उठतात, खरंय. पण ताप, ताठ मान, उजेड न सोसणं ही लक्षणं जिवाणूंच्या मेनिंजायटिसमध्येही तीच, आणि तिथं तासांचा हिशेब असतो. म्हणून आपल्या किरनापूरहून पेशंट बालाघाटला नाहीतर गोंदियाला न्यायचा, पाठीतून पाणी काढायचं. पाणी गढूळ नि त्यातली साखर उतरलेली असेल तर जिवाणूंचा संशय. पाणी स्वच्छ, साखर नेहमीसारखी, तर बहुधा विषाणू. आधीच कुठं अर्धवट अँटिबायोटिक घेतलेलं असेल तर हे पाणीही चकवतं. निकाल येईतो जिवाणूंवरचं औषध चालू ठेवावंच लागतं. आजार सौम्य असला तरी तो ओळखण्याचा खर्च सौम्य नसतो.

पुतणी : म्हणजे लशीचा रस्ता बंदच?

काका : गालफुगीपुरता तो उघडा आहे. गालफुगीचा विषाणूही आवरणांपर्यंत पोचतो. फिनलंडनं 1982 पासून गोवर, गालफुगी, रुबेला अशी एकत्र लस दोनदा दिली आणि दहा-बारा वर्षांत देशातली गालफुगी संपवली. आपल्या सरकारी वेळापत्रकात मात्र गोवर-रुबेलाच आहे. गालफुगीला सौम्य समजून बाहेर ठेवणं मला पटत नाही.

पुतणी : गालफुगीच्या लशीनंच मेंदूच्या आवरणांना सूज येते, असंही बोलतात लोक.

काका : निव्वळ अफवा नाही ती. उराबे जातीच्या विषाणूच्या लशीनं काही मुलांना तसा त्रास झाला, म्हणून ब्रिटननं ती 1992 मध्ये बंद केली. पण बंद झाली ती त्या जातीची लस. दुसऱ्या जातीची चालूच राहिली. लशीनं येणारी सूज क्वचित आणि बहुधा सौम्य. खुद्द गालफुगीत ती कितीतरी जास्त वेळा येते.

पुतणी : आणि उरलेल्या शंभरावर एन्टेरोव्हायरसचं?

काका : त्यांना साबण. बाळाची शी धुतली की तोच हात कणकेत जाण्याआधी नीट चोळून धुवायचा. सॅनिटायझरवर विसंबू नकोस. या विषाणूंना चरबीचं वेष्टण नसतं, त्यामुळं अल्कोहोल त्यांना पुरेसं मारत नाही. साबण-पाणी त्यांना हातावरून वाहून नेतं. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन पडलं की तिथंही ते टिकत नाहीत, फक्त क्लोरीन पुरेसं नि नेमानं पडलं पाहिजे.