पावसाळ्यात पाने का मिटतात?

जुलै महिन्यात अंधेरी-मुलुंडकडच्या एखाद्या शाळेत विद्युतदर्शीचा प्रयोग चालला आहे अशी कल्पना करा. घासलेली प्लॅस्टिकची पट्टी चकतीला टेकवली, तरी पाने हलत नाहीत. हललीच तर क्षणभर उघडून पुन्हा मिटतात. मग प्रयोग 'फसला' असे ठरते आणि वहीत पुस्तकातले उत्तर उतरवले जाते! खरे पाहता उपकरण अगदी खरे बोलत असते.

प्रथम त्याची रचना पाहू. सुवर्णपत्र विद्युतदर्शीचे वर्णन अब्राहम बेनेट यांनी १७८७ मध्ये प्रसिद्ध केले. काचेच्या बरणीत धातूची दांडी, तिच्या वरच्या टोकाला चकती आणि खालच्या टोकाला सोन्याच्या वर्खाची दोन पाने. चकतीला दिलेला प्रभार दांडीतून पानांत उतरतो. दोन्ही पानांवर सजातीय प्रभार आल्याने ती एकमेकांना दूर सारतात.

हा प्रभार टिकायचा तर दांडी आणि झाकण यांच्यामध्ये चांगला विसंवाहक हवा. आपली अडचण येथेच आहे. भर पावसाळ्यात मुंबईच्या उपनगरांत हवेची सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. दमट हवा स्वतः काही चांगली वाहक नव्हे. परंतु तिच्यातील बाष्पाचा अतिशय पातळ थर विसंवाहकाच्या पृष्ठभागावर जमतो. त्यात धुळीतले क्षार विरघळले, की प्रभाराला निसटायला वाट मिळते. पट्टीवरचा प्रभारही असाच नाहीसा होतो.

घरी करून पाहा. काचेच्या बरणीच्या प्लॅस्टिकच्या झाकणाला मोठे भोक पाडा. त्यातून तांब्याची उघडी तार घाला व तिच्याभोवती मेणबत्तीचे मेण भरा (मेण वितळवताना मोठ्या माणसांना सोबत घ्या). मेणावर पाणी पसरत नाही, म्हणून ते येथे उपयोगी. तारेच्या आतल्या टोकाला आकडा करून, पोळ्या गुंडाळण्याच्या फॉइलच्या दोन हलक्या पट्ट्या अडकवा. बाहेरच्या टोकाला फॉइलचीच गोळी बसवा. कोरड्या केसांवर घासलेली प्लॅस्टिकची पट्टी गोळीवरून ओढा. पाने उघडल्यापासून मिटेपर्यंत किती सेकंद लागले ते मोजा. हाच प्रयोग जानेवारीतल्या कोरड्या दुपारी पुन्हा करा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा.

उत्तम, कोरड्या उपकरणातूनही प्रभार हळूहळू गळतोच. या गळतीचा माग काढण्यासाठी व्हिक्टर हेस १९१२ मध्ये अशाच तत्त्वावरची उपकरणे घेऊन बलूनमधून सुमारे पाच किलोमीटर उंच गेले. वर गळती कमी होण्याऐवजी वाढली, आणि त्यातूनच विश्वकिरणांचा शोध लागला. प्रयोग फसला म्हणून ते आकडे त्यांनी खोडले असते तर?