इंजिनाची वही

गाडी जुंपण्याआधी आपण आसाला वंगण घालतो. चाक कुरकुरू लागले म्हणजे बघू, असे शहाणा गाडीवान म्हणत नाही. मोठ्या इंजिनाचेही तसेच आहे. त्याची निगा ते नीट चालत असतानाच करायची असते.

गावच्या जुन्या पिठाच्या गिरणीचे इंजिन बहुधा एका सिलिंडरचे असे. रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाला १६ सिलिंडर होते. त्याची ताकद २६०० अश्वशक्ती होती. १९६४ पासून ते वाराणसीच्या कारखान्यात बनू लागले. असे इंजिन वाटेत अडले, तर मागची सारी गाडी अडते. कारखान्यात वीज करणारे मोठे इंजिन अडले, तर सगळ्यांचे काम थांबते.

मग निगा केव्हा करावी? इंजिन किती तास चालले, त्यावर ते ठरते. तास मोजायला इंजिनाला घड्याळासारखे मीटर असते. कोणते काम किती तासांनी करायचे, हे इंजिन बनवणाऱ्याच्या पुस्तकात छापलेले असते. प्रत्येक इंजिनाचे पुस्तक वेगळे. एकाचा हिशेब दुसऱ्याला लावू नये.

ही कामे तीन प्रकारची असतात.

पहिले, रोजचे काम. तेल आणि पाणी पुरेसे आहे का ते पाहायचे. कुठे गळते का ते पाहायचे. धुराकडेही लक्ष ठेवायचे. धूर काळा आला, तर डिझेल नीट जळत नाही. हवेची जाळी तुंबली असेल. धूर निळसर आला, तर वंगणाचे तेल जळत आहे.

दुसरे, ठरलेल्या तासांचे काम. तेलाची आणि हवेची जाळी बदलायची. झडपांमधील फट मोजायची. डिझेलचा फवारा बरोबर पडतो का ते तपासायचे.

तिसरे, मोठे काम. पुष्कळ तास चालल्यावर इंजिन उघडतात. पिस्टन, रिंगा आणि बेरिंगे बाहेर काढून त्यांची झीज मोजतात. झिजलेला भाग बदलतात.

कोणी म्हणेल, “अहो मिस्त्री, इंजिन झकास चाललंय की! मग बंद कशाला करता?” याचे उत्तर वहीत असते. दर पाळीला तेलाचा दाब आणि पाण्याची उष्णता वहीत लिहितात. समजा, तेलाचा दाब सोमवारी ४२ होता. मंगळवारी ४० झाला, बुधवारी ३७ आणि गुरुवारी ३३. रोजचा फरक थोडाच. कानाला आवाज तोच. पण चार आकडे एकाखाली एक लिहिले, की दाब उतरत चालल्याचे डोळ्यांना दिसते. जाळी तुंबली असेल, तेल पातळ झाले असेल किंवा बेरिंग झिजले असेल. आत्ताच शोधले, तर काम थोडक्यात भागते. बेरिंग जळाल्यावर शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

रेल्वेच्या शेडमध्ये तर तेलाचा नमुना काढून तपासतात. तेलात तांबे किंवा शिसे वाढले, तर बेरिंग झिजत असावे. तेलात पाणी आले, तर आत कुठेतरी गळती आहे. वैद्य नाडी पाहतो, तसेच हे.

प्रश्न नुसत्या पैशाचा नाही, जिवाचाही आहे. इंजिनाच्या आतला एखादा भाग फार तापला, तर तेलाची वाफ होते. ती वाफ हवेत मिसळून पेटली, तर स्फोट होतो. ११ सप्टेंबर १९४७ रोजी उत्तर आयर्लंडजवळ समुद्रात ‘रेना डेल पॅसिफिको’ या जहाजाच्या इंजिनघरात असाच स्फोट झाला. २८ माणसे दगावली. म्हणून आतून फार तापलेले इंजिन बंद केल्यावर त्याची खालची झाकणे लगेच उघडू नयेत. आत ताजी हवा गेली, तर वाफ पेटू शकते. इंजिन पुरेसे निवू द्यावे.

आणखी एक नियम. दुरुस्तीआधी इंजिन कोणालाही सुरू करता येणार नाही, असे कुलूप लावावे. वर पाटी टांगावी: “काम चालू आहे. इंजिन सुरू करू नये.” ही पाटी जो वाचतो, तो आत हात घातलेल्या माणसाचा जीव राखतो.

आता पाहा, या साऱ्या कामात पान्याइतकीच पेन्सिल लागते. आपण आकडे लिहायला शिकलो आहोत. आपल्यापैकी कोणी इंजिनावर कामाला गेले, तर त्याने खरा आकडा वेळेवर लिहावा. न पाहता कालचाच आकडा आज उतरवू नये. खोटी वही कोऱ्या वहीहून वाईट. कोरी वही निदान फसवत तरी नाही.

प्रश्न
१. निगेची वेळ कशावरून ठरते?
२. निळसर धूर काय सांगतो?
३. तापलेल्या इंजिनाची झाकणे लगेच का उघडू नयेत?
४. तुमच्या घरच्या पंपाची किंवा सायकलची निगा केव्हा केली? तारीख घालून वहीत लिहा.