टोमॅटोचे धपाटे आणि रक्तातील लोह

"डॉक्टरसाहेब, पाय उचलत नाहीत. दोन पायऱ्या चढल्या की धाप लागते. ऊन बाधलं असेल का?" उन्हाळ्यात अशी तक्रार घेऊन अनेक बायाबापड्या येतात. गेल्या उन्हाळ्यात आलेल्या एका शेतमजूर बाईची खालची पापणी ओढून पाहिली, तर आतला भाग पांढुरका. हिमोग्लोबिन ८.४ निघाले. गरोदर नसलेल्या स्त्रीला ते किमान १२ हवे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय होता.

त्यांचा आहार विचारला. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि जेवण होताच कपभर चहा. न्हाणीजवळ टोमॅटोची चार झाडे होती, पण त्या टोमॅटो शेजारी वाटून टाकीत. का? तर "टमाट्याच्या बियानं मुतखडा होतो म्हणतात."

ही समजूत चुकीची आहे. आपल्याकडे मुतखड्याचे मोठे कारण म्हणजे घाम भरपूर आणि पाणी पिणे कमी.

आता लोहाचे गणित पाहू. स्त्रीला रोज सुमारे २९ मिलिग्रॅम लोह लागते. १०० ग्रॅम ज्वारीत ते सुमारे ४ मिलिग्रॅम असते. येथील कृषी विद्यापीठाच्या 'परभणी शक्ती' या २०१८ मधील वाणात लोह व जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा अधिक आहे. परंतु धान्यातले लोह आतड्यात सहज शोषले जात नाही. धान्यातील फायटेट ते अडवून धरते, त्यावर चहातील टॅनिनची भर पडते. क जीवनसत्त्व मात्र लोह विरघळलेल्या स्वरूपात ठेवते व शोषणास मदत करते. ते टोमॅटोत आहे. म्हणून भाकरी आणि टोमॅटो एकाच जेवणात हवेत.

त्यासाठी आपले धपाटेच उत्तम.

साहित्य (चौघांसाठी): ज्वारीचे पीठ २ वाट्या, कणीक व बेसन प्रत्येकी अर्धी वाटी, पिकलेले टोमॅटो ४, लसूण ६ पाकळ्या, हिरव्या मिरच्या २, जिरे, ओवा, तीळ, हळद, मीठ, मूठभर कोथिंबीर, थोडे तेल.

कृती: टोमॅटो स्वच्छ धुवावेत. न्हाणीच्या पाण्यावरच्या झाडाचे असतील तर दोनदा धुवावेत. लसूण, मिरची, जिरे वाटून घ्यावे. टोमॅटो किसून त्यांच्या रसातच पीठ भिजवावे, गरज पडली तरच पाण्याचा हबका द्यावा. गोळा ओल्या फडक्यावर थापून मधे भोके पाडावीत. लोखंडी तव्यावर उलटा टाकून फडके अलगद सोडवावे. चमचाभर तेल सोडून दोन्ही बाजू खरपूस भाजाव्यात. उन्हाळ्यात भिजवलेले पीठ लवकर आंबते, तेव्हा लागेल तेवढेच भिजवावे.

एक गोष्ट विसरू नये. उष्णतेने क जीवनसत्त्वाचा काही भाग नष्ट होतो. म्हणून सोबत कच्चा टोमॅटो-कांदा चिरून, वर लिंबू पिळून घ्यावे.

झाडांविषयी थोडे. परभणीच्या ४० अंशांपुढच्या उन्हात टोमॅटोची फुले गळतात, फळे भाजतात. दुपारी गोणपाटाची सावली करावी, बुडाशी पाचट टाकावे व सकाळी पाणी द्यावे.

लक्षात ठेवा :

१. जेवणाआधी व नंतर एक तास चहा नको.

२. रक्तक्षय झाला असेल तर केवळ धपाट्यांनी भागत नाही. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यातच. त्या चहासोबत नव्हे, लिंबूपाण्यासोबत घ्याव्यात. शौचास काळी होते, त्याने घाबरू नये.

३. पाळीत अतिस्राव, मूळव्याध, जंत ही कारणेही तपासून घ्यावीत.

४. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियम वर्ज्य सांगितले असेल, तर टोमॅटो विचारूनच खावा.

त्या बाईंनी गोळ्या तीन महिने नेमाने घेतल्या. हिमोग्लोबिन ११ वर आले. श्रेय मुख्यतः गोळ्यांचे, हे मी त्यांना सांगितले. पण गोळ्या पुढे थांबतात, जेवण रोजचे असते. आता त्यांच्या दारची टोमॅटो शेजारी जात नाही, घरातच खपते. चहाही जेवणानंतर तासाभराने होतो.